जो लुईस किताबासाठी तयार होता का? (१९३६–३७)

हेवीवेट गटात एखादा विशीतला मुलगा धडाधड नॉकआऊट करत सुटला की एकच वाद सुरू होतो: याला आता जगज्जेत्यासमोर उभा करावा की अजून दोन वर्षं थांबावं? एक बाजू त्याच्या विजयांची यादी वाचते, दुसरी बाजू त्याचं वय सांगते. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. ‘तयार’ या शब्दापुढे प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहिल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. कोणासमोर तयार? कोणत्या महिन्यात? कोपऱ्यात कोण बसलेलं असताना?

हे नीट तपासायला जो लुईसचं प्रकरण फार उपयोगी आहे. १९३६च्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळ्यांनी त्याला तयार ठरवलं होतं आणि तो हरला. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, जेव्हा शंका घेणाऱ्यांकडे भक्कम पुरावा होता, तेव्हा तो किताबासाठी रिंगमध्ये उतरला आणि जिंकला. मधल्या बारा महिन्यांत घेतलेले निर्णय हाच या लेखाचा विषय.

पार्श्वभूमी

जोसेफ लुईस बॅरो १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यात लाफायेट गावाजवळ जन्मला. घरचे लोक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. १९२६मध्ये कुटुंब डेट्रॉइटला आलं. तिथे तो बॉक्सिंगकडे वळला आणि पहिल्याच हौशी लढतीत जॉनी मायलर नावाच्या मुलाने त्याला सात वेळा खाली पाडलं. दोन वर्षांत तो अमेरिकेचा राष्ट्रीय हौशी विजेता होता, लाइट हेवीवेट गटातला. ४ जुलै १९३४ला शिकागोत त्याने पहिली व्यावसायिक लढत केली आणि पहिल्या फेरीतच संपवली.

त्याच्याभोवती तीन माणसं होती, तिघंही कृष्णवर्णीय. डेट्रॉइटचा जॉन रॉक्सबरो आणि शिकागोचा ज्युलियन ब्लॅक हे व्यवस्थापक, आणि जॅक ब्लॅकबर्न हा प्रशिक्षक. ब्लॅकबर्न म्हणजे खरा वस्ताद. स्वतः हलक्या वजनाचा असून मोठ्या वजनाच्या माणसांशी लढलेला, कडक, दारूच्या नादी लागलेला, तुरुंगात राहून आलेला. पण पायांची ठेवण, वजन कुठून कुठे जातं, ठोसा कोणत्या अंतरावरून बसतो, हे त्याच्याइतकं जाणणारी माणसं त्या काळात फार नव्हती. लुईसचे ते आखूड, घट्ट, एकामागून एक येणारे ठोसे ब्लॅकबर्नच्या हाताखाली घडले.

या तिघांनी एक गोष्ट सुरुवातीपासून ओळखली होती: रिंगमधली तयारी पुरणार नाही. जॅक जॉन्सन १९०८ ते १९१५ जगज्जेता होता. तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता, आणि गोऱ्या अमेरिकेने त्याच्या जगण्याच्या पद्धतीचा राग पुढच्या सगळ्या कृष्णवर्णीय हेवीवेट मुष्टियोद्ध्यांवर काढला. हॅरी विल्स विसाच्या दशकात वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर मानला गेला. जॅक डेम्प्सीशी त्याची लढत कधी झालीच नाही. जॉन्सनचा किताब गेल्यानंतर वीस वर्षं उलटली तरी एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं गेलं नव्हतं. म्हणून रॉक्सबरोने लुईसला वागण्याचे नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर कधी छायाचित्र काढायचं नाही. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर आनंद दाखवायचा नाही. निकाल आधीच ठरवलेली लढत घ्यायची नाही. राहणी स्वच्छ ठेवायची. हे नियम आज वाचताना संताप येतो, कारण कोणत्याही गोऱ्या मुलाकडून अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. तरीही ‘हा तयार आहे का’ या प्रश्नाचा अर्धा भाग त्या काळी ‘याला परवानगी मिळेल का’ असा होता, हे विसरून पुढचे निर्णय समजणार नाहीत.

१९३५मध्ये न्यूयॉर्कचा आयोजक माइक जेकब्झ या मंडळींशी जोडला गेला. मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बड्या संस्थेची हेवीवेट किताबावरची पकड त्याला मोडायची होती आणि त्यासाठी त्याला एक मोठा तारा हवा होता. त्याच वर्षी लुईसने जूनमध्ये प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत आणि सप्टेंबरमध्ये मॅक्स बेअरला चौथ्या फेरीत संपवलं. दोघंही माजी जगज्जेते. लुईस तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि व्यावसायिक म्हणून एकही लढत हरलेला नव्हता.

प्रश्न कुठे होता

दोष होता, आणि तो दिसत होता. डाव्या हाताचा जॅब (झटकन मारलेला सरळ ठोसा) मारल्यावर लुईस तो हात हनुवटीच्या उंचीवर परत आणण्याऐवजी खाली सोडायचा. त्या क्षणी त्याच्या जबड्याची डावी बाजू उघडी पडायची. जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, १९३० ते ३२ या काळातला जगज्जेता, डिसेंबर १९३५मध्ये लुईसची पाउलिनो उझकुदूनविरुद्धची लढत रिंगजवळ बसून पाहायला आला होता. ती लढत लुईसने चौथ्या फेरीत इतक्या भयंकर ठोशाने संपवली की प्रेक्षक फक्त त्या ठोशाबद्दलच बोलत राहिले. श्मेलिंग त्याआधीच्या तीन फेऱ्यांबद्दल विचार करत होता. आपल्याला काहीतरी दिसलं आहे, एवढंच त्याने पत्रकारांना सांगितलं. पुढे त्याने लुईसच्या लढतींच्या फिल्म मिळवून पुन्हा पुन्हा पाहिल्या.

लुईसच्या गोटात मात्र श्मेलिंगची निवड ‘नाव मोठं, धोका लहान’ या हिशेबाने झाली होती. वय तीस, चांगले दिवस सरलेले. सरावशिबिर न्यू जर्सीतल्या लेकवूडला होतं आणि लुईसला नुकताच गोल्फचा नाद लागला होता. ब्लॅकबर्नची नाराजी होती. पण अपराजित तरुणाला, ज्याच्या दारात पैशांची रांग लागली आहे, त्याला रागावून फार वेळ धरून ठेवता येत नाही.

१९ जून १९३६, यँकी स्टेडियम. चौथ्या फेरीत लुईस जॅब टाकून हात खाली सोडतो, वरून श्मेलिंगचा उजवा हात येतो आणि व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा लुईस खाली बसतो. त्यानंतर तोच हात, त्याच जागी, फेरीमागून फेरी. बाराव्या फेरीत लुईस उठू शकला नाही.

या पराभवाने दोन वेगवेगळे प्रश्न उभे केले आणि लोकांनी ते एकत्र कालवले. पहिला तांत्रिक: डाव्या हाताचा दोष दुरुस्त होईल का? दुसरा मनाचा: असा मार खाल्लेला बावीस वर्षांचा मुलगा पुन्हा तसाच पुढे सरकेल का? वृत्तपत्रांनी दुसऱ्याचं उत्तर लगेच देऊन टाकलं. कालपर्यंत अजिंक्य म्हटलेल्याला आज त्यांनी फुगवलेला ठरवलं. मला पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण अकरा फेऱ्या मार खाऊनही लुईस पुढे येत राहिला होता. मनाबद्दलचा पुरावा त्या पराभवातच होता, फक्त तो कोणी वाचला नाही.

समोर कोणते पर्याय होते

जगज्जेता होता जेम्स ब्रॅडॉक. मंदीच्या वर्षांत बंदरावर हमाली केलेला, सरकारी मदतीवर घर चालवलेला आणि नंतर ती मदत परत फेडलेला माणूस. १३ जून १९३५ला त्याने मॅक्स बेअरला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं, तेव्हा ते कोणालाच खरं वाटेना. ब्रॅडॉकबद्दल मला आदर आहे, पण इथे थंड डोक्याने त्याच्याकडे पाहायला हवं. १९३६च्या शेवटी तो एकतिशी ओलांडलेला होता, हात दुखावलेले होते, आणि किताब जिंकल्यापासून त्याने एकही खरी लढत केली नव्हती.

कागदावर त्याचा पुढचा आव्हानवीर श्मेलिंग होता. करार झालेला. सप्टेंबर १९३६ची लढत ब्रॅडॉकच्या दुखापतीमुळे पुढे ढकलली गेली आणि ३ जून १९३७ ही नवी तारीख ठरली.

लुईसच्या माणसांपुढे साधारण तीन वाटा होत्या.

पहिली, थांबायची. श्मेलिंग–ब्रॅडॉक लढत होऊ द्यायची, मधल्या काळात सावकाश लढती घेत दोष काढायचा आणि जो जिंकेल त्याला आव्हान द्यायचं. क्रीडेच्या न्यायाने हीच वाट सरळ होती, कारण श्मेलिंगने आव्हानाचा हक्क रिंगमध्ये कमावला होता. धोका असा की श्मेलिंग जिंकण्याची शक्यता मोठी होती आणि तो जिंकला असता तर किताब हिटलरच्या जर्मनीत गेला असता. तिथून तो एका कृष्णवर्णीय अमेरिकनासमोर पणाला लावला गेला असता का, कधी आणि कुठे, हे सांगणं अशक्य होतं. हॅरी विल्सचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

दुसरी वाट, आधी श्मेलिंगशीच पुन्हा लढायचं आणि डाग पुसून मग किताबाकडे जायचं. स्वाभिमानी माणसाला ही वाट सर्वांत जास्त खुणावते. पण श्मेलिंगच्या हातात किताबाचा करार असताना तो परत धोका का पत्करेल? आणि लुईस घाईने पुन्हा त्याच उजव्या हातासमोर गेला आणि पुन्हा हरला, तर विषय कायमचा संपला असता.

तिसरी वाट, श्मेलिंगला ओलांडून थेट ब्रॅडॉकला गाठायचं. यासाठी ब्रॅडॉकने करार मोडायला हवा, आणि त्यासाठी त्याला तेवढी किंमत द्यायला हवी.

या वाटांमध्ये नुसती कौशल्याची तुलना केली तर तिसरी उर्मट वाटते. नावं घालून पाहिलं की चित्र बदलतं. श्मेलिंग मागे राहून वाट पाहणारा, उजव्या हाताने प्रतिठोसा मारणारा. लुईसच्या दोषावर त्याची नेमकी नजर. ब्रॅडॉक पुढे येणारा, अंगाशी भिडणारा, त्याला शोधायला रिंगभर फिरावं लागत नाही. लुईस ज्याच्यासमोर सर्वांत कमी तयार होता तो माणूस आव्हानवीर होता, आणि ज्याच्यासमोर सर्वांत जास्त तयार होता तो जगज्जेता होता. इतकी विचित्र मांडणी क्वचितच जुळून येते.

काय केलं

सर्वांत आधी, त्यांनी लुईसला घरी बसू दिलं नाही. दोनच महिन्यांनी, १८ ऑगस्ट १९३६ला, माजी जगज्जेता जॅक शार्की समोर आला आणि तिसऱ्या फेरीत संपला. शार्की तेव्हा उतरणीला लागला होता हे खरं, पण त्याला रिंगचं शहाणपण होतं आणि नाव होतं. पराभवानंतर पहिल्याच लढतीला एखादा अनोळखी गडी आणला असता तर ‘लपवतायत’ अशी ओरड झाली असती. तिथून फेब्रुवारी १९३७पर्यंत, म्हणजे सहा महिन्यांत, लुईस सात लढती लढला. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, क्लीव्हलँड, बफेलो, कॅन्सस सिटी.

या सातांतल्या दोन लढतींकडे मी जास्त लक्ष देतो. एक होती जानेवारी १९३७मधली बॉब पास्टरविरुद्धची. पास्टर दहाही फेऱ्या मागे सरकत, गोल फिरत राहिला. लुईस गुणांवर जिंकला, पण प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि त्याचे पाय पाठलागात जड पडतात हे सगळ्यांना दिसलं. बाहेरच्यांना ही लढत म्हणजे तो तयार नसल्याचा पुरावा वाटली. मला ती उपयोगी मोजणी वाटते. पळणाऱ्या माणसासमोर लुईस अडतो, हे कळलं. आणि ब्रॅडॉक पळणारा नव्हता.

दुसरी होती नेटी ब्राउनविरुद्धची. मार्च १९३५मध्ये डेट्रॉइटला याच ब्राउनने लुईससमोर दहा फेऱ्या काढल्या होत्या. फेब्रुवारी १९३७मध्ये त्याला चौथ्या फेरीतच झोपवलं. तोच प्रतिस्पर्धी दोन वर्षांनी पुन्हा घेऊन फरक मोजायची ही पद्धत मला फार पटते. नवनव्या नावांच्या यादीतून प्रगती कळत नाही, कारण प्रत्येक नाव वेगळं असतं. ब्राउन मात्र तोच होता.

ब्राउननंतर मात्र त्यांनी लढती थांबवल्या. चार महिने एकही लढत नाही. ज्या गोटाने सहा महिन्यांत सात वेळा मुलाला रिंगमध्ये पाठवलं, त्याच गोटाने किताबाची तारीख ठरल्यावर त्याला पूर्ण मोकळा ठेवला. सराव विस्कॉन्सिनमधल्या केनोशाला झाला आणि या वेळी तो लेकवूडसारखा नव्हता. डावा हात परत वर आणायचा, आणत राहायचा, हे ब्लॅकबर्नचं काम होतं. आपल्याकडे तालमीत वस्ताद एकच डाव पठ्ठ्याकडून शेकडो वेळा करून घेतो आणि तोंडाने फार बोलत नाही, त्या जातीचं ते काम.

दरम्यान खरी लढाई कागदावर चालली होती. ब्रॅडॉकचा व्यवस्थापक जो गूल्ड अतिशय चाणाक्ष होता. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या संघटनांनी श्मेलिंगच्या लढतीवर बहिष्कार घालायची हाक दिली होती, त्यामुळे त्या लढतीत पैसा कमी होता. शिवाय श्मेलिंग जिंकला तर ब्रॅडॉकच्या हाती काहीच उरणार नव्हतं. गूल्डने जेकब्झकडे भलीमोठी मागणी ठेवली: लढतीचं घसघशीत मानधन तर हवंच, वर पुढची दहा वर्षं जेकब्झच्या हेवीवेट किताबाच्या लढतींच्या नफ्यात दहा टक्के. जेकब्झने ते मान्य केलं.

श्मेलिंग–ब्रॅडॉक लढतीचा करार मॅडिसन स्क्वेअर गार्डनकडे होता, म्हणून गार्डनने न्यू जर्सीतल्या न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने लढत रोखायला नकार दिला आणि अपिलातही तो निकाल टिकला. ब्रॅडॉकला इतकं बांधून टाकणारी अट न्यायालयाला वाजवी वाटली नाही. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने मात्र श्मेलिंगची बाजू सोडली नाही, म्हणून लढत न्यूयॉर्कबाहेर, शिकागोला ठेवली गेली. ३ जूनला श्मेलिंग ठरल्याप्रमाणे वजन द्यायला हजर झाला. प्रतिस्पर्धीच नव्हता. आयोगाने ब्रॅडॉक आणि गूल्डला प्रत्येकी एक हजार डॉलर दंड केला.

श्मेलिंगवर अन्याय झाला, हे स्पष्ट लिहायला हवं. तो नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, त्याचा अमेरिकी व्यवस्थापक जो जेकब्झ स्वतः ज्यू होता (माइक जेकब्झशी त्याचं नातं नाही). तरीही लुईसच्या माणसांना मी दोष देऊ शकत नाही. बावीस वर्षं एका संपूर्ण समाजाला दार बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत दार एकदाच किलकिलं झालं आणि त्यांनी पाय आत घातला.

२२ जून १९३७

शिकागोचं कॉमिस्की पार्क, सुमारे ४५ हजार प्रेक्षक. वजनं जवळजवळ सारखी, दोघंही १९७ पौंडांच्या आसपास. लुईस तेवीस वर्षांचा, ब्रॅडॉक बत्तीसचा. घाई करू नकोस, त्याला थकू दे, या धर्तीची ब्लॅकबर्नची आखणी होती.

पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकने जवळून उजवा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) मारला आणि लुईस खाली गेला.

या क्षणाबद्दल फार कमी बोललं जातं, कारण पुढे लुईस जिंकला. पण तयारीच्या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर त्या दोन सेकंदांत आहे. वर्षभराच्या मेहनतीनंतरही उजव्या हातासाठी वाट पूर्ण बंद झाली नव्हती. श्मेलिंग लांबून, जॅबच्या वरून आला होता. ब्रॅडॉक जवळून, खालून आला. एक भोक बुजवलं होतं, शेजारचं राहिलं होतं. लुईस लगेच उठला.

उठल्यावर त्याने जे केलं ते मला त्या खाली पडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. राग काढायला तो तुटून पडला नाही. दुसऱ्या फेरीपासून जॅब परत आला, अंतर राखलं गेलं, शरीरावर ठोसे बसू लागले. वर्षापूर्वी श्मेलिंगसमोर चौथ्या फेरीत पडल्यानंतर तो काहीच बदलू शकला नव्हता, तीच चूक तो आठ फेऱ्या करत राहिला होता. या वेळी बदल एका मिनिटात झाला. तेवढं एका वर्षात शिकून झालं होतं.

चौथ्या-पाचव्या फेरीपासून ब्रॅडॉकचे पाय जड होत गेले. दोन वर्षं खरी लढत न केलेल्या शरीराला सरावात मिळालेला दम पुरत नाही. चेहरा फाटला होता. सातव्या फेरीनंतर गूल्डला लढत थांबवायची होती, ब्रॅडॉकने नकार दिला. आठव्या फेरीत लुईसचा उजवा हात जबड्यावर बसला आणि ब्रॅडॉक तोंडावर पडला. रेफरीची मोजणी पूर्ण झाली.

लुईस त्या वेळेपर्यंतचा सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता ठरला. हा विक्रम १९५६मध्ये फ्लॉइड पॅटरसनने मोडला. त्या रात्री शिकागोच्या दक्षिण भागात आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लोक रस्त्यावर उतरून नाचले.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

श्मेलिंगशी पहिली लढत. सगळ्या प्रकरणातला सर्वांत वाईट निर्णय हाच. लढत घेतली यापेक्षा ती ज्या समजुतीने घेतली ते चुकलं. कार्नेरा आणि बेअर यांना हरवल्यामुळे सगळं कळलं असं वाटलं. पण कार्नेरा अवाढव्य आणि सावकाश, बेअरचा उजवा हात दांडपट्ट्यासारखा लांबून फिरत येणारा. दोघांपैकी कोणाकडेही सरळ, आखूड, वेळ साधून येणारा उजवा प्रतिठोसा नव्हता. लुईसची त्या एका गोष्टीची परीक्षा कधी झालीच नव्हती. शेवटी ती श्मेलिंगने यँकी स्टेडियमच्या भर गर्दीत घेतली. उझकुदूननंतरच्या सहा महिन्यांत एखादा कमी ताकदीचा पण त्याच धाटणीचा मुष्टियोद्धा समोर आणता आला असता. सरावात उजव्या हाताने वरून मारणारे जोडीदार ठेवता आले असते. जॅक जॉन्सननेही लुईसच्या बचावातली उणीव उघडपणे बोलून दाखवली होती. रॉक्सबरोच्या मंडळींना जॉन्सनपासून लांब राहायचं होतं, त्याची कारणं समजण्यासारखी होती. पण ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं निदान बरोबर असू शकतं.

पराभवानंतर दोन महिन्यांत शार्की. वैद्यकीयदृष्ट्या मला हा निर्णय खटकतो. बारा फेऱ्या डोक्यावर ठोसे खाल्लेल्या माणसाला आज साठ दिवसांत पुन्हा रिंगमध्ये पाठवायचं तर अनेक ठिकाणी डॉक्टरच अडवतील. त्या काळी मेंदूच्या इजेची समज तोकडी होती आणि निर्णय फळाला आला. आज कोणी ‘लुईसने केलं होतं’ म्हणून हाच मार्ग धरू नये. लढतींची मालिका तीन-चार महिने उशिरा सुरू झाली असती तरी किताबाची तारीख हुकली नसती, कारण ती तारीख करार आणि न्यायालयावर अवलंबून होती.

किताब आधी की श्मेलिंग आधी. इथे गोटाने घेतलेला क्रम मला योग्य वाटतो. त्याची किंमतही होती: लुईस जगज्जेता झाला तरी ज्याने त्याला हरवलं तो मोकळा फिरत होता. लुईसला हे इतरांपेक्षा जास्त बोचत होतं. श्मेलिंगला हरवेपर्यंत मला जगज्जेता म्हणू नका, असं तो म्हणाला.

गूल्डचे दहा टक्के. व्यवहार म्हणून हुशारीचा. खेळ म्हणून पाहिला तर अस्वस्थ करणारा. ज्या माणसाने ब्रॅडॉकच्या कोपऱ्यात उभं राहून त्याच्या विजयासाठी झटायचं, त्याचा आणि ब्रॅडॉकचाही पुढच्या दहा वर्षांचा फायदा जेकब्झच्या धंद्यात, म्हणजे मुख्यतः लुईसच्या विजयात होता. गूल्डने लढत थांबवायची तयारी दाखवली ती मित्राच्या जिवासाठी, याबद्दल मला शंका नाही. ब्रॅडॉक शेवटपर्यंत जीव तोडून लढला हे त्या रात्रीच्या प्रत्येक वर्णनात आहे. पण असे करार नियमाने बंद असायला हवे होते. आव्हानवीर तयार आहे का हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाचा पैसा कोणत्या निकालात आहे, हे आधी विचारलं पाहिजे.

आणि खुद्द लुईस? या सगळ्या वाटाघाटींत त्याला विचारल्याच्या खुणा फार कमी दिसतात. कोणाशी लढायचं, कुठे, किती टक्क्यांवर, हे व्यवस्थापक आणि आयोजक ठरवत. माणसं प्रामाणिक होती म्हणून बॉक्सिंगपुरतं निभावलं. पुढे पैशांच्या बाबतीत, विशेषतः कराच्या थकबाकीत, लुईसचे फार हाल झाले. तेवीस वर्षांच्या मुलाला जबडा झाकायला शिकवणारा एक ब्लॅकबर्न होता, हिशेब वाचायला शिकवणारं कोणी नव्हतं.

पुढे काय झालं

किताबानंतर दोनच महिन्यांत वेल्सच्या टॉमी फारने लुईसला पूर्ण पंधरा फेऱ्या लढवलं. लुईस जिंकला, पण टॉमी फार सतत हलत, वाकत राहिला आणि लुईसला त्याला नीट गाठता आलं नाही. पास्टरच्या लढतीत दिसलेली अडचण जगज्जेता झाल्यावरही तशीच होती. म्हणजे जून १९३७चा लुईस ‘पूर्ण’ मुष्टियोद्धा नव्हता. तो ब्रॅडॉकसाठी तयार होता, एवढंच सिद्ध झालं होतं.

श्मेलिंगशी दुसरी लढत बरोबर एक वर्षाने ठेवली गेली: २२ जून १९३८, यँकी स्टेडियम, सत्तर हजारांवर प्रेक्षक. मधल्या काळात लुईसने तीनदा किताब राखला होता. या वेळी आखणी उलटी होती. श्मेलिंगला वाट पाहायला, उजवा हात साधायला सवडच द्यायची नाही, पहिल्या क्षणापासून अंगावर जायचं. लढत १२४ सेकंदांत संपली. लुईसने पुढे १९४९मध्ये निवृत्ती जाहीर करेपर्यंत किताब सोडला नाही. एकूण २५ वेळा राखला.

ब्रॅडॉकने किताब गमावल्यानंतर एकच लढत केली. जानेवारी १९३८मध्ये त्याने त्याच टॉमी फारला गुणांवर हरवलं आणि तो निवृत्त झाला. ज्या फारला लुईस पंधरा फेऱ्यांत पाडू शकला नाही, त्याला दुखऱ्या हातांच्या बत्तीस वर्षांच्या ब्रॅडॉकने हरवलं. कॉमिस्की पार्कवर समोर सोपा माणूस होता असं म्हणणाऱ्यांनी हा निकालही हिशेबात धरावा.